सूचना क्रमांक चार

बाटलीतलं पाणी निळं झालं. पूड टाकून हलवल्यावर तीन मिनिटं थांबायचं असतं, पण दुसऱ्याच मिनिटाला त्याला कळून चुकलं होतं, जसं दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं की आपण नको त्या वेळी आलो आहोत. तरी तो थांबला. नियम तो नियम. तीन मिनिटं झाल्यावर त्याने बाटली पांढऱ्या कागदावर धरली, शेजारी रंगांची पट्टी ठेवली आणि खिडकीकडे पाठ केली. पट्टीवर सहा चौकोन होते, पहिला जवळजवळ पाण्यासारखा आणि शेवटचा शाळेतल्या शाईसारखा. त्याचं पाणी चौथ्या चौकोनाशी असं तंतोतंत जुळत होतं की पट्टी छापताना नमुना म्हणून त्याच्याच टाकीतलं पाणी नेलं असावं. पॉइंट पंचवीस. हवं होतं पॉइंट शून्य तीन. मागच्या गुरुवारी पॉइंट पंचवीस, त्याच्या मागच्या गुरुवारी पॉइंट पंचवीस. मधल्या काळात त्याने अकरा वेळा पाणी बदललं होतं, खडक दात घासायच्या ब्रशने घासले होते, गाळणीत फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे घातले होते आणि मग संतापून ते दुप्पट केले होते. आणि गेले तीन आठवडे माशांच्या खाण्याची डबी त्याच्या कपाटात कुलपात होती. किल्ली शर्टाच्या खिशात. एवढं सगळं करून फॉस्फेट जागचं हललं नव्हतं. हलले होते फक्त त्याचे वडील, अण्णा. ते रविवारी ताईकडे राहायला जाणार होते, कायमचे.

त्याने बाटली बेसिनमध्ये ओतली. दिवाणखान्यात चार फुटी टाकी निळसर उजेडात गुरगुरत होती. खारं पाणी, खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ, सात मासे. मासे खातात, न खाल्लेलं कुजतं, खाल्लेलं बाहेर पडतं आणि या सगळ्यातून फॉस्फेट साठतं. थोडं लागतंच. जास्त झालं की प्रवाळांची वाढ खुंटते आणि खडकांना हिरवी दाढी फुटते. त्याच्या खडकांना आता साधुपुरुषांसारख्या दाढ्या होत्या. मधला फांद्यांचा प्रवाळ, जो त्याने नखाएवढा आणून तळहाताएवढा केला होता, तो खालून पांढरा पडत चालला होता, दर आठवड्याला एक बोट. समोरच्या भिंतीशी अण्णांची खुर्ची होती. तिचं तोंड खिडकीकडे होतं. अण्णा तिच्यात बसून बाहेरच्या इमारतीचा जिना बघत होते. त्या जिन्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तोच त्यांचा मुद्दा होता.

“चहा झाला?” त्याने विचारलं.

“झाला.”

“काही हवंय?”

“काही नको.”

तीन आठवडे घरात हीच चार वाक्यं चालली होती. त्यांची पुस्तिका काढता आली असती. पुस्तिका काढणं हेच त्याचं काम होतं. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तो चोवीस वर्षं वापराच्या सूचना लिहीत होता, खोक्यातून यंत्रासोबत येणारी आणि खोक्यासोबत कचऱ्यात जाणारी ती पातळ पुस्तिका. त्याचं लेखन लाखो घरांत पोचलं होतं आणि कुणीही वाचलं नव्हतं. यंत्र बिघडलं की लोक फोन करत आणि फोनवरची मुलगी त्यांना त्याचंच वाक्य वाचून दाखवत असे, पान सात, कृपया आधी प्लग लावावा. यातून त्याची एक पक्की समजूत झाली होती की जगात जे काही बिघडतं ते सूचना न पाळल्यामुळे. म्हणूनच टाकी आणली त्याच दिवशी त्याने नऊ सूचनांचा कागद टाइप करून, प्लास्टिकच्या आवरणात घालून टाकीच्या बाजूला चिकटवला होता. सूचना क्रमांक एक, काचेवर टिचकी मारू नये. सूचना क्रमांक चार, माशांना खाणे दिवसातून एकदा, एक चिमूट. बायकोने तो कागद बघून विचारलं होतं, “पाहुण्यांसाठी आहे की आमच्यासाठी?” अण्णांनी तो चष्म्याशिवाय वाचल्यासारखं केलं होतं. पूर्ण वाचला होता एकट्या आईने. उभी राहून, बोट ठेवून, पहिल्यापासून नवव्यापर्यंत. मग म्हणाली होती, “सातवी कळली नाही, पण मी त्या वाटेला जाणारच नाही. खाणं मी घालत जाईन. तू दिवसभर ऑफिसात, तुला कुठे जमणार?” चोवीस वर्षांत भेटलेला त्याचा पहिला वाचक.

तिने अडीच वर्षं खाणं घातलं. रोज, न चुकता. मधल्या काळात त्याने एकदा विचारलंही होतं, “आई, किती घालतेस गं?” तिने कागदाकडे बोट दाखवलं होतं. “एक चिमूट. तू लिहिलंयस तसंच.” त्याला फार बरं वाटलं होतं. सात महिन्यांपूर्वी ती गेली, चार दिवसांच्या दुखण्याने, कुणाला फारशी तसदी न देता, आणि खाणं घालायचं काम त्याच्याकडे आलं. तो सकाळी घालायचा, दोन बोटांत, मोजल्यासारखं. पहिले तीन महिने सगळं ठीक होतं. मग काचेवर हिरवी साय धरायला लागली आणि बाटली निळी झाली. एका शनिवारी तो लवकर घरी आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. अण्णा टाकीसमोर खुर्चीत बसले होते, आई गेल्यापासून ते रोज तिथेच बसत, आणि सातही मासे त्यांच्यासमोर काचेच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन तोंडं उघडमीट करत होते. आईने ज्याला लिंबू म्हणायला सुरुवात केली होती तो पिवळा मासा सगळ्यांत पुढे. तपास संपला असं त्याला त्या क्षणी वाटलं.

“अण्णा, तुम्ही यांना खायला घालता का?”

“नाही.”

“मग हे असे का जमलेत?”

“मला काय माहीत? मी बोलावलं नव्हतं.”

“खरं सांगा. मी रागावणार नाही.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ओळखीचं वाटलं. लहानपणी फुटलेल्या बरणीसमोर त्याला ते ऐकवलं गेलं होतं आणि त्यानंतर नेहमी मार बसला होता. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. ते वजनमापे निरीक्षक होते. सदतीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू तपासले, तळाला मेण लावलेली वजनं जप्त केली, पोचा पाडलेली मापं उलटी करून दुकानदारांच्याच गल्ल्यावर ठेवली. घरातसुद्धा दूधवाल्याचं माप ते नुसत्या नजरेने पकडायचे.

“दुकानदार असंच म्हणायचे,” अण्णा म्हणाले. “नाही साहेब, मी नाही केलं. मी कधी विश्वास ठेवला नाही. तेव्हा तुझंही बरोबरच आहे.”

“तसं नाही, पण फॉस्फेट वाढतंय म्हणजे कुणीतरी…”

“एक सांगू? चिमूट हे माप नव्हे.”

“विषय बदलू नका, अण्णा.”

त्याने डबी उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. कुलपाचा आवाज त्याला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. दुसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीकडे वळली होती. दोन आठवडे उलटल्यावर ताईचा फोन आला. “अरे, अण्णा म्हणतात माझ्याकडे येऊन राहतो. तुमच्यात काही झालंय का?” “काही नाही,” तो म्हणाला, “माशांवरून.” “माशांवरून,” ताई म्हणाली, जसं डॉक्टर रुग्णाचं वाक्य पुन्हा म्हणतात. “बरं. मी रविवारी अकराला गाडी घेऊन येते. तोवर तू माशांशी बोलून बघ.”

त्या गुरुवारी ऑफिसात तो एका नव्या मिक्सरच्या पुस्तिकेवर बसला होता. भांडे खुणेपर्यंतच भरावे, त्याने लिहिलं. कुठल्या खुणेपर्यंत, असं त्याने बाजूला खरडलं, आणि यंत्राचं चित्र बघितलं तर त्यावर खूणच नव्हती. इंजिनीयरला फोन केला तर तो म्हणाला, “खूण राहिली. पण लोकांना कळतं की किती भरायचं.” त्याला एरवी अशा उत्तराचा राग आला असता. आज त्याच्या डोळ्यांसमोर फक्त चौथा चौकोन होता. एखादी गोष्ट आपण शोधून काढली, पकडली, कुलपात ठेवली आणि तरीही ती चालूच राहिली, म्हणजे एक तर आपण चुकीच्या माणसाला पकडलं किंवा गुन्हाच चुकीचा पकडला. हे दोन्ही मान्य करण्यापेक्षा पाणी बाराव्यांदा बदलणं सोपं होतं. पण टाकीचं मीठ संपलं होतं. म्हणून तो संध्याकाळी मासेवाल्याकडे गेला.

मासेवाल्याचं दुकान अरुंद होतं, दोन्ही बाजूंना टाक्या, मध्ये एकच माणूस चालेल एवढी वाट. मासेवाला म्हणजे गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला साठीचा गृहस्थ. तो गिऱ्हाइकापेक्षा माशांकडे बघून बोलायचा, त्यामुळे आपण चोरून ऐकतो आहोत असं वाटायचं.

“अजून पंचवीसच?” त्याने विचारलं.

“पंचवीसच.”

“दाणे किती घातले?”

“दुप्पट.”

“आणि फांद्यांचा प्रवाळ खालून पांढरा पडायला लागला.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“ताप उतरवायचा म्हणून तुम्ही पेशंटला बर्फात पुरलंत, साहेब. दाण्यांनी पाण्यातलं एकदम ओढून घेतलं. त्याला तो धक्का सोसला नाही. दाणे निम्मे करा. आणि खाणं कोण घालतं?”

“मीच. तीन आठवडे डबी कुलपात आहे. दिवसाआड घालतो, दोन बोटांत.”

मासेवाला पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. “कुलपात? का?”

“घरात कुणीतरी जास्त घालत होतं. असं वाटलं.”

“आणि कुलूप लावून उतरलं नाही. मग घरातल्यांना सोडा. खडकाला विचारा.” त्याने जवळच्या टाकीतला एक खडक बोटाने दाखवला. “हा आतून सगळा भोकाभोकांचा असतो. पाण्यात जास्त असलं की गुपचूप पितो. पितो तोवर बाटली स्वच्छ दिसते आणि मालक खूश. एक दिवस त्याचं पोट भरतं. मग तुम्ही पाणी बदलता, दाणे घालता आणि तो म्हणतो, हे घ्या आणखी. उतरलं की सोडतो, उतरलं की सोडतो. तुम्ही आजच्या माणसावर कुलूप लावलंत. हा माल जुना आहे. दोन-अडीच वर्षं मुरलेला.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? तपासा. एक खडक काढा, बादलीत ताजं खारं पाणी, एक छोटा पंप, मासे नाहीत, खाणं नाही. दोन दिवसांनी बाटली भरा.” तो पुन्हा माशांकडे वळला. “निळी झाली तर घरच्यांची माफी मागा. मीठ किती देऊ?”

त्याने डाव्या कोपऱ्यातला खडक काढला. का तोच, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. हात लांब पोचत होता म्हणून असेल. बादली बाथरूममध्ये ठेवावी लागली. बायकोने शुक्रवारी सकाळी दारातून आत बघितलं. “आधी दगडाची आंघोळ होणार की माझी?” “त्याला हलवू नकोस.” “मी हलवत नाही. मी नुसती बाजूला उभी राहते, लाजून.” ती हसली नाही. हसण्याचे दिवस नव्हते. आतल्या खोलीत अण्णांची बॅग भरून तयार होती, दोन दिवस आधीच, चेन लावून. तिच्यावर त्यांची छत्री आडवी ठेवलेली. दर वेळी तिथून जाताना त्याला ती बॅग तराजूच्या एका पारड्यासारखी दिसायची आणि दुसऱ्या पारड्यात काय घालावं ते सुचायचं नाही. माफी मागावी असं वाटायचं, पण कशाबद्दल? आरोप चुकला हे सिद्ध झालं नव्हतं. पुरावा बादलीत होता. पुराव्याशिवाय माफी मागणं त्याला अव्यवस्थित वाटत होतं. इथे माणूस घर सोडून चालला होता आणि तो दोन दिवसांची मुदत पाळत होता, हे त्याचं त्यालाही ऐकू येत होतं, शेजारच्या घरातल्या भांडणासारखं, शब्द स्पष्ट, पण आपल्याला काय करायचंय अशा बेताने.

शनिवारी संध्याकाळी त्याने बादलीतलं पाणी बाटलीत घेतलं. पूड टाकली, हलवलं. मासे नाहीत, खाणं नाही, कुणाचा हात नाही. एका मिनिटात निळं झालं. तीन मिनिटांनी ते पाचव्या चौकोनाच्याही पुढे गेलं होतं. तो बाथरूममधल्या स्टुलावर बसून त्या रंगाकडे बघत राहिला. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग चिडल्यासारखं, आणि मग एक अडचण लक्षात आली. बाटली हातात घेऊनच तो स्वयंपाकघरात गेला. बायको गॅसपाशी उभी होती.

“खडकातून येतंय,” तो म्हणाला. “अण्णांनी काही घातलेलं नाही.”

“हे मी तीन आठवडे सांगतेय.”

“पण मग आलं कुठून? अडीच वर्षं खाणं आई घालत होती. एक चिमूट. मी स्वतः लिहून दिलं होतं आणि ती तसंच करायची. एका चिमटीने एवढं साठत नाही. हिशेबात बसत नाही.”

बायकोचा हात मिठाच्या बरणीवर थांबला. “आईंची चिमूट?”

“हो.”

“तू आईंची चिमूट कधी पाहिली आहेस?”

त्याने आठवून बघितलं. चार वाजता तो नेहमी ऑफिसात असायचा.

बायकोने बरणीत हात घातला. तर्जनी आणि अंगठा नव्हे. पाचही बोटं आत गेली, जुळली आणि वर आली. तळहाताच्या खोबणीपर्यंत मीठ होतं. “पातेलंभर भाजीला आई एवढं मीठ घालायच्या. याला त्या चिमूट म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, एक चिमूट घाल. मी घातलं दोन बोटांत. सगळे अळणी जेवलात, आठवतंय? तू म्हणालास, छान झालंय.” तिने मीठ परत बरणीत सोडलं. ते पडताना बराच वेळ आवाज झाला. “माशांच्या डब्या महिन्याला दोन लागायच्या. तुला वाटायचं, मासे वाढले.”

चोवीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता, अर्धा लिटर, तीस सेकंद, दोन बोटं अंतर. आणि आपल्या घरात, आपल्या एकुलत्या एका वाचकाला त्याने लिहून दिलं होतं, एक चिमूट. तिने ते पाळलं होतं. मुद्दाम नव्हे, विसरून नव्हे, सूचनेबरहुकूम. नऊशे दिवस, रोज दुपारी चार वाजता, डाव्या कोपऱ्यात उभं राहून, पाच बोटांनी. मासे वरवरचं खाऊन वळले की उरलेलं खाली जायचं, आणि खडक ते पीत राहायचा. ती गेल्यावरही मासे चारला त्या कोपऱ्यात येत राहिले आणि अण्णाही. दोघंही काही मागत नव्हते. दोघंही वेळेवर आले होते, एवढंच. आणि गेले चार महिने तो ब्रश घेऊन, बादल्या भरून, दाणे ओतून जे घरातून हद्दपार करू बघत होता ते… त्याने बाटली बेसिनपाशी नेली आणि ओतली नाही. टोपण लावून खिडकीत ठेवून दिली. बायकोने ते बघितलं आणि मिठाची बरणी जागेवर ठेवली.

रविवारी साडेदहाला अण्णा तयार होऊन खुर्चीत बसले होते. खिडकीकडे तोंड, मांडीवर कापडी पिशवी, पायाशी बॅग. तो शेजारी जाऊन उभा राहिला. समोरच्या जिन्यावरून एक बाई वर गेली.

“अण्णा, खडक वेगळा ठेवून तपासला. त्यातूनच येतंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही काही घातलं नव्हतं.”

“हे मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“हो. मी चुकलो.” ती बाई जिन्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. “आईची चिमूट पाच बोटांची होती.”

अण्णांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सदतीस वर्षं काय केलं मी?”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं की. चिमूट हे माप नव्हे म्हणालो. तू म्हणालास, विषय बदलू नका.”

“तेव्हा नाही. आई होती तेव्हा. रोज तुमच्यासमोर घालत होती.”

“कमी मापाला दंड असतो,” अण्णा म्हणाले. “जादा मापाला कलम नाही.”

टाकीचा पंप गुरगुरत होता. त्याने खिशातून किल्ली काढली, आत जाऊन कपाट उघडलं आणि डबी आणून अण्णांसमोर धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. निरीक्षकाच्या नजरेने आधी बाहेरून पाहिली.

“किती दिवसांनी रिकामा होईल तो दगड?”

“मासेवाला म्हणतो, वर्ष लागेल. दीड वर्षही.”

“आणि रोज थोडं थोडं घालत राहिलं तर?”

“तर सांगता येत नाही.”

अण्णांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि डबी हातात घेतली. त्याला वाटलं ते आत्ताच उठून टाकीपाशी जातील. त्याने झाकण उघडायला हात पुढे केला. अण्णांनी डबी मागे घेतली.

“आत्ता? चार वाजता घालतात.”

“ताई अकराला येतेय.”

“येऊ दे. बसेल चारपर्यंत.” त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. “ही खुर्ची धर जरा. तिकडे फिरव. फार जड करून ठेवली आहे तुम्ही.”

खुर्ची लाकडाची होती, गेल्या तीन आठवड्यांत तिच्या वजनात काही फरक पडलेला नव्हता. तरी ती दोघांना मिळून ओढावी लागली. तिचं तोंड फिरलं तेव्हा फरशीवर दोन पांढरे ओरखडे उठले. खालून गाडीचा हॉर्न वाजला. अण्णा टाकीसमोर बसले, डबी मांडीवर, आणि समोरच्या कागदावरची चौथी सूचना या वेळी चष्मा लावून वाचू लागले.